आत गेल्याची सही

शिरवणे, ११ जुलै २०२३

दादा,

तू तळमजल्यावर आणि मी तिसऱ्यावर. एका बिल्डिंगमध्ये राहून भावाला पत्र लिहावं लागतंय, याची मला लाज वाटते. पण तू माझा नंबर ब्लॉक केलायस. दार वाजवलं की अर्पितावहिनी आतून सांगते, ते घरात नाहीत. तुझ्या चपला बाहेर दिसत असतात. म्हणून हे आईच्या हाती देतेय. तिला वाचता येत नाही, त्यामुळे मध्ये कोणी वाचणार नाही.

विम्याच्या ऑफिसचं उत्तर काल आलं. दिपेशचा क्लेम नामंजूर. कारण एका ओळीत दिलंय: विम्याच्या कार्डावर कामाला लागल्याची तारीख १६ मार्च, कंत्राटदाराने, म्हणजे तू, अपघात दाखवलाय १७ मार्चला, आणि हॉस्पिटलच्या कागदावर रुग्ण दाखल झाला १५ मार्चला, तोही घरी बाईकच्या चेनमध्ये हात अडकून. म्हणजे अपघात कामावरचा नाही.

तुला सगळं माहीत आहे, तरी मला एकदा ओळीने लिहून काढू दे. गेले चार महिने जो तो मला तारखा विचारतो आणि मीच गोंधळायला लागलेय.

दिपेश तुझ्या कंत्राटावर नोव्हेंबरपासून होता. पावणे इथल्या कार्टनच्या कारखान्यात. त्याला यायचं नव्हतं. बायकोच्या भावाच्या हाताखाली नको, खाडीतल्या मासळीवर जेवढं मिळतंय तेवढं पुरे, असं तो म्हणत होता. मीच खाली येऊन तुझ्याकडे शब्द टाकला. तू लगेच हो म्हणालास, तेही मी विसरलेले नाही. कार्ड कधी करतोस असं मी दिवाळीनंतर दोनदा विचारलं. तू म्हणालास, सगळ्यांचं एकदम करणार आहे.

१५ मार्च, बुधवार, दुपारी तीनचा सुमार. गरम रोलरमध्ये कागद अडकून फाटला. रोलरवरची जाळी जानेवारीपासून काढून ठेवली होती, कारण ती असली की कागद काढायला वेळ लागतो. दिपेशने उजवा हात आत घातला. शेजारच्या मशीनवरच्या मिथुनने लाल बटण दाबलं. तोपर्यंत कोपरापर्यंत चामडी भाजली होती, आणि तीन बोटं डॉक्टरांना ठेवता आली नाहीत.

पहिल्या महिन्याचं हॉस्पिटलचं बिल तू भरलंस. रोज येत होतास. माझ्यासाठी डबा आणायचास. म्हणून मला समजत नाही, की आता विम्याच्या ऑफिसात जाऊन 'हा माणूस माझ्याकडे नोव्हेंबरपासून होता' एवढं एक वाक्य सांगायला तुला काय जड आहे. आम्ही एका वकीलबाईंना भेटलो, त्या म्हणतात, कारखान्याला विमा लागू असला की माणूस पहिल्या दिवसापासून त्यात धरतात, कार्ड नंतर का होईना. बोटं गेल्याबद्दल त्याला दर महिन्याला पेन्शन मिळू शकते, जन्मभर. फक्त तो त्या दिवशी कामावर होता हे सिद्ध व्हायला हवं.

हॉस्पिटलचा तो कागद कसा झाला, हे तुला ठाऊक आणि मला ठाऊक. दिपेशला मी सांगितलंय की तो तू भरलास. तो तुला शिव्या घालतो. जिन्यात तुझा आवाज आला की दार लावून घेतो.

उत्तर आईजवळ दे.

रंजू

—

३ ऑक्टोबर २०२३

दादा,

आमच्या वकीलबाईंनी पाठवलेल्या नोटिशीला तुझ्या वकिलाचं उत्तर आलं. मी ते वाशीला मसाला मार्केटच्या बाहेर बसून वाचलं. (मी आता तिथे मिरचीची देठं खुडायला जाते. तुला कोणी सांगितलं असेलच.) मिरचीचे हात डोळ्यांना लागले म्हणून पाणी येतंय, असं शेजारच्या बाईला सांगितलं.

त्यात तू लिहिलंयस की दिपेश १६ तारखेच्या आधी तुझ्याकडे कधीच कामाला नव्हता. तो घरी जखमी झाला, आणि बहिणीच्या प्रेमापोटी, दयेने, तू त्याचं कार्ड काढून दिलंस. पुरावा म्हणून हॉस्पिटलच्या कागदाची प्रत जोडली आहे.

तू हे घाबरून केलंस, हे मला कळतं. आई म्हणाली, तुझ्याकडे पन्नासेक माणसं आहेत आणि निम्म्यांची कार्डं नाहीत. एकाचं खरं सांगितलं की सगळ्यांचं उघडं पडेल, कंपनी कंत्राट काढून घेईल. पण दादा, दयेने हा शब्द कोणाचा? वकिलाचा असेल तर ठीक आहे. तुझा असेल तर तो खोड.

आम्ही केस टाकतोय. वैजयंती वकीलबाईंनी मला बजावलंय की तू आता विरुद्ध पार्टी आहेस, तुझ्याशी बोलायचं नाही, लिहायचं तर मुळीच नाही. त्यांना न सांगता लिहितेय.

तू पत्रं वाचतोस का, असं आईला विचारलं. ती म्हणाली, "वाचतो का नाय, मना म्हाईत नाय. पन टाकत नाय. गादीखाली ठेवतो."

रंजू

—

१९ ऑगस्ट २०२४, नारळी पौर्णिमा

दादा,

सकाळी राखी घेऊन खाली आले होते. वहिनीने दार उघडलं, राखी हातात घेतली आणि म्हणाली, बांधते मी त्यांना. मी आत बघितलं नाही. तू आत होतास.

संध्याकाळी मिथुन वर आला. तू त्याला सुपरवायझर केलंस, त्याचं बरं झालं. तो चांगला माणूस आहे, तेव्हा बटण त्यानेच दाबलं. पण आता तो म्हणतो की मी त्या दिवशी सुट्टीवर होतो. बोलताना तो दिपेशच्या हाताकडे बघत नव्हता. तुझा निरोप त्याने असा सांगितला: केस मागे घ्या, कंपनीच्या गेटवर वॉचमनची नोकरी मिळेल, खोली आहे तशी राहील.

खोली आहे तशी राहील, याचा अर्थ मला लावत बसावं लागलं नाही. तिथल्या तिथेच कळला. केस चालू ठेवली तर ती राहील की नाही, हे त्यात आहे. तू अजून आमच्याकडे भाडं मागितलेलं नाहीस. मागितलंस तर आम्ही देऊ शकत नाही, हे तुला माहीत आहे. दिपेशला डाव्या हाताने जाळं फेकता येत नाही. दोनदा गेला आणि दोन्ही वेळा होडीतच पडला. तेव्हापासून तो घरात बसून असतो आणि घर तुझं आहे. नळाला पाणी आलं की तुझी मोटर, दिवा लावला की तुझं मीटर. मी मार्केटमधून येते, पायऱ्या चढते आणि तुझ्या दारावरून जाते. दुसरा जिना नाही.

दिपेशने मिथुनला नाही म्हणून सांगितलं. मी गप्प राहिले. मी गप्प का राहिले, ते आज लिहिते.

केस चालली की तो हॉस्पिटलचा कागद कोर्टात तपासला जाणार. त्यावरचं अक्षर माझं आहे. दिपेशला आत नेलं होतं, आपण दोघं कॅज्युअल्टीच्या बाकावर होतो. बाई फॉर्म घेऊन आली. तू म्हणालास, "मशीनवर लिहिलंस तर पोलीस केस होईल, ते त्याला हात लावणार नाहीत. बाईकची चेन लिही. बाकी मी बघतो." मी लिहिलं. खाली सही केली, नातं पत्नी. मला तुझ्यावर रागही आला नव्हता. उलट वाटलं, बरं झालं दादा आहे.

म्हणून तू एकटा खोटा नाहीस. पण दिपेशसमोर मी तुला एकट्याला खोटं ठरवलं. दीड वर्ष तो तुला ज्या कागदाबद्दल शिव्या घालतो, तो मी लिहिला. तुझ्यावर मी केलेला हा अन्याय आहे आणि तो मी कबूल करते. त्याच्यासमोर कबूल करायची हिंमत नाही.

तू खरं सांगितलंस तर मला त्या कागदाचं सांगावं लागणार नाही. माझा स्वार्थ एवढाच आहे. उगाच मोठेपणा नको.

रंजू

—

१२ जानेवारी २०२५

दादा,

दिपेशला सांगून टाकलं.

वकीलबाईंनी गेल्या आठवड्यात ऑफिसात बसवून घेतलं आणि विचारलं की हे अक्षर कोणाचं. मी नर्सचं म्हटलं. त्यांनी माझ्याकडून एक अर्ज लिहून घेतला, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि चहा मागवला. मग म्हणाल्या, समोरचा वकीलही हेच करेल, फक्त कोर्टात. त्यापेक्षा तुम्ही स्वतः साक्षीत सांगा. कागद खोटा आहे हे तुमच्याशिवाय दुसरं कोण सांगू शकतं? मिथुन सांगणार नाही आणि भाऊ सांगणार नाही.

आज सकाळी दिपेशला आंघोळीनंतर शर्ट घालत होते. बटणं मीच लावते. वरून तिसऱ्या बटणाला सांगायला सुरुवात केली, कारण तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. सगळं सांगितलं. बाक, बाई, फॉर्म, तू. मी त्याला दोन वर्षं फसवलं, हेही सांगितलं.

मी शेवटचं बटण लावलं. मग तो म्हणाला, "मना म्हाईत हाय."

वकीलबाईंच्या फाइलीत त्याने त्या कागदाची प्रत पहिल्याच दिवशी बघितली होती. लग्न ठरल्यावर दीड वर्ष मी त्याला पत्रं लिहायची. सारसोळ्याला, त्याच्या घरी. माझा 'र' तो लांबून ओळखतो म्हणाला.

मी विचारलं, मग इतके दिवस दादाला शिव्या का घालत होतास?

तो म्हणाला, "खाली राग धरला तर चालतं. वर धरला तर मी जानार कुठं?"

दादा, मला वाटत होतं या घरात मी एकटीच अडकलेय. रोज संध्याकाळी मी भीत भीत आत यायची, आज याला कळलं तर नसेल ना. आणि त्याला कळलेलं होतं, तेच तो मला कळू न देता बसला होता. दोन वर्षं आम्ही एका खोलीत एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मला रडू आलं नाही. मी डबा भरला आणि मार्केटला गेले. परत आले तेव्हा त्याने डाव्या हाताने भात लावून ठेवला होता. कुकरचं झाकण नीट बसलं नव्हतं, भात कच्चा राहिला होता. आम्ही तो खाल्ला.

मी कोर्टात सांगणार आहे. अक्षर माझं आहे, हे सांगेन. पण ते शब्द कोणी सांगितले असं विचारलं, तर तुझं नाव सांगावं लागेल. हे तुला आधी कळावं, म्हणून लिहिलं.

रंजू

—

२८ मार्च २०२५

दादा,

तू तिथे होतास, तरी मला जे दिसलं ते लिहिते, कारण तू सारखा खाली बघत होतास.

तुझ्या वकिलाने कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, हे तुमचं अक्षर आहे का. मी हो म्हटलं. मजकूर खरा आहे का. नाही म्हटलं. मग तो हसला आणि म्हणाला, म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत, की पेन्शनसाठी आत्ता खोटं बोलताय?

मी म्हटलं, "तेव्हा लिहिलं. भावाने सांगितलं म्हणून लिहिलं, आणि माझा त्याच्यावर विश्वास होता म्हणून लिहिलं. चूक माझीही आहे."

न्यायाधीश साहेबांनी ते टायपिस्टकडून लिहून घेतलं. 'माझीही' हा शब्द घ्यायचा राहिला तेव्हा मी थांबवून सांगितला.

जेवणाच्या सुट्टीनंतर तू उभा राहिलास. दोन वर्षांत पहिल्यांदा तुझा आवाज नीट ऐकला. तू बारीक झालायस. वैजयंतीबाईंनी तुला पहिलाच प्रश्न विचारला, आत्ता साक्ष दिली त्या बाईंचं आणि तुमचं नातं काय? सोपा प्रश्न होता. रेकॉर्डवर यावं म्हणून विचारतात.

तू म्हणालास, "माझ्या बिल्डिंगमध्ये राहतात."

त्यांनी परत विचारलं तेव्हा तू बहीण म्हणालास. पण आधी ते म्हणालास. दिपेश माझ्या शेजारी बाकावर होता. त्याने उरलेल्या दोन बोटांनी माझं मनगट धरलं. बाकी तू काय काय सांगितलंस ते मी ऐकलं, पण मला आठवत नाही.

साहेबांनी शेवटी कंपनीला आदेश दिला की कंत्राटी कामगारांचं गेटवरचं रजिस्टर हजर करा. कंपनीचा माणूस म्हणाला, जुनं रजिस्टर सापडत नाही. साहेब म्हणाले, मग मॅनेजरनेच येऊन तसं शपथेवर सांगावं. तेव्हा तुझा चेहरा बघितला, आणि मला कळलं की रजिस्टर आहे.

काही झालं तरी आईला वर यायला अडवू नकोस. तिचे गुडघे आधीच दुखतात. त्यात वहिनी तिला म्हणाली म्हणे, एकदा काय ते ठरवा, खाली की वर.

रंजू

—

२० नोव्हेंबर २०२५, गुरुवार

दादा,

निकाल तुला तुझ्या वकिलाकडून कळला असेल. मी मराठीत समजून घेतला तेवढा लिहिते.

मॅनेजर शपथेवर काही सांगायला आला नाही, रजिस्टर आलं. नोव्हेंबर ते मार्च, रोज दिपेशची सही. आत जाताना एक, बाहेर येताना एक. पंधरा मार्चच्या पानावर सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी आत गेल्याची सही आहे. बाहेर आल्याची नाही. त्यापुढे त्याचं नावच नाही.

वकीलबाईंनी मला ते पान दाखवलं. उजव्या हाताची ती त्याची शेवटची सही. घाईत केलेली, शेवटचा फराटा रकान्याच्या बाहेर गेलेला. कोर्टात मी एकदाही रडले नव्हते. तिथे रडले.

साहेबांनी लिहिलंय की दिपेश अपघाताच्या दिवशी कामावर होता, त्यामुळे विमा लागू. मेडिकल बोर्डापुढे जाऊन आलो. तिथल्या डॉक्टरने फॉर्मवरचा प्रश्न वाचून विचारलं, यात सुधारणा व्हायची शक्यता आहे का? दिपेशने हात टेबलावर ठेवला. त्या डॉक्टरने 'नाही'वर खूण केली. पेन्शन या महिन्यापासून सुरू झाली. फार नाही. माझं मार्केट सुटणार नाही. पण ती दर महिन्याला येईल आणि त्यासाठी कोणाकडे बघावं लागणार नाही.

विमावाले त्यांचे पैसे तुझ्याकडून वसूल करणार, हे कळलं. कंत्राट गेलं, हेही आईने सांगितलं. मिथुन दुसऱ्या कंत्राटदाराकडे गेला. जाताना वर आला होता. त्याच्या नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी कार्ड मिळालं, ते दाखवायला. दिपेशने ते उलटून पालटून बघितलं आणि तारीख वाचली. मग दोघं बराच वेळ मशीनबद्दल बोलत बसले, जसं काही झालंच नव्हतं.

मला जिंकल्यासारखं वाटत नाही. तू रात्री ओट्यावर एकटा बसलेला असतोस, ते खिडकीतून दिसतं. हे मी केलं असं कधी वाटतं, तू केलंस असं कधी वाटतं, आणि कधी वाटतं की ती जाळी पाच मिनिटं वाचवायला काढून ठेवणाऱ्याला कोणी काही विचारलंच नाही.

आम्ही जातोय. रविवारी. तू घालवलं नाहीस, मी लोकांना तसं सांगणारही नाही. सारसोळ्याला दिपेशच्या चुलत्याच्या चाळीत एक खोली रिकामी झाली. छोटी आहे, भाडं द्यायचं आहे, आणि मला ते द्यायचं आहे. रविवारनंतर मी तुझ्या बिल्डिंगमध्ये राहत नाही. मग कोणी नातं विचारलं तर तुला दुसरं काहीतरी सांगावं लागेल.

आईला मी विचारलं, येतेस का. ती म्हणाली, "त्याला आता सोरून कशी येव? तुला तुझा मानूस हाय." मला तिचं पटलं. महिन्यातून दोनदा तिला आणून सोड. तू जिन्यापाशी सोडलंस तरी चालेल.

एक काम आहे. बाकी सामान टेम्पोवाला उतरवणार आहे, पण लोखंडी कपाटाला तो नाही म्हणतो, जिना अरुंद आहे. दिपेशला एका हाताने ते पेलत नाही आणि तो ऐकत नाही, मीच धरतो म्हणून बसलाय. खालची बाजू मी धरते. वरची बाजू धरायला एक माणूस लागेल. सकाळी नऊला.

रंजू